कच्च्या लिंबांचा सोमवार

पाचव्यांदा पडताना तिचा डावा हात चुकला. आधीच्या चार वेळा ती गुडघा, मांडी, खांदा अशी एकेक करत उतरली होती, वाळत घातलेली ओली साडी दोरीवरून घसरत यावी तशी. पाचव्या वेळी हात अंगाखाली सापडला, कोपर लाकडावर आपटलं आणि तो आवाज दालनाच्या पार टोकापर्यंत गेला. ती उठली, कोपर चोळलं. आमच्याकडे बघून साध्या आवाजात म्हणाली, "इथून परत घेते," आणि मागच्या उजव्या कोपऱ्याकडे चालत निघाली. घाईत नाही, शरमून नाही. नळ चालू राहिलाय हे आठवून बंद करायला जावं तशी.

आम्ही साठ-सत्तर जण होतो. काही घडीच्या खुर्च्यांवर, काही पुढे जमिनीवर मांडी घालून. कुणी चुकचुकलं नाही, धीर द्यायला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे थांबले फक्त. माझ्या तळहातांना मात्र घाम फुटला होता. मी अशा ठिकाणी वाढले जिथे नाचणारी मध्येच थांबत नाही. थांबली तर तो प्रसंग गावात वर्षभर पुरतो.

गेली पाच-सहा वर्षं, नोकरी आणि घर यातून जमेल तेव्हा, मी सोमवारी संध्याकाळी न्यूयॉर्कमधल्या जडसन मेमोरियल चर्चमध्ये नाच बघायला जाते. जर्सी सिटीहून पाथ ट्रेन पकडायची, नाइन्थ स्ट्रीटला उतरायचं आणि वॉशिंग्टन स्क्वेअरच्या बागेतून दक्षिणेकडे चालत जायचं. बागेच्या उत्तर टोकाला संगमरवरी कमान आहे, नैर्ऋत्य कोपऱ्यात बुद्धिबळाची दगडी टेबलं. समोर पिवळसर विटांचं, उंच चौकोनी मनोऱ्याचं चर्च. कमान आणि चर्च दोन्ही स्टॅनफर्ड व्हाइट या एकाच वास्तुरचनाकाराचं काम. जिना चढून वर गेलं की मुख्य प्रार्थनेचं दालन. उंच छत, जॉन ला फार्ज यांनी केलेल्या रंगीत काचांच्या खिडक्या, आणि खाली मोकळी लाकडी जमीन. ठोकून बसवलेली बाकं नाहीत. रविवारी खुर्च्या मांडतात तिथे प्रार्थना होते, सोमवारी त्या बाजूला सरकवतात आणि नाच होतो.

कार्यक्रम मूव्हमेंट रिसर्च नावाची संस्था करते. १९७८ साली नर्तकांनीच उभी केलेली ही संस्था १९९१ पासून इथे सोमवारच्या संध्याकाळी चालवते आहे. प्रवेश फुकट. एका संध्याकाळी दोन-चार नृत्यरचनाकार आपापलं नवं काम दाखवतात. रंगमंच नाही, पडदा नाही, विंगा नाहीत. प्रकाशयोजना नावापुरती. काम पूर्ण झालेलं असावं अशी अटच नाही. उलट, अजून ज्याचं काय होणार हे ठरलेलं नाही असंच काम इथे आणावं, अशी अपेक्षा असते.

आईला हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तू रियाज बघायला जातेस."

"रियाज नाही गं. रियाज म्हणजे जे बसवलंय ते घोटणं. इथे अजून बसलेलंच नाही. नाचणारीलाच माहीत नाही पुढे काय होणार ते."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पंगतीला नाही, स्वयंपाकघरात येऊन बसतेस."

यापेक्षा नेमकं मला आजवर सांगता आलेलं नाही.

*

त्या चर्चच्या नावापाशी मी पहिल्याच दिवशी अडखळले होते, कारण मी नगरची आहे. आता अहिल्यानगर, पण घरात अजून नगरच म्हणतो. आमच्याकडे अमेरिकन मिशन हा शब्द लहानपणापासून कानावर असतो. मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, ह्यूम चर्च. फरारबाईंची मुलींची शाळा, जी पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींसाठी शाळा काढण्याचं बळ आलं. १८४२ साली नगरातच सुरू झालेलं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक.

हे सगळं जिथून आलं, तिथूनच या चर्चला ज्यांचं नाव आहे ते जडसनही निघाले होते. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम इथे पाच तरुणांना एकत्र दीक्षा दिली गेली आणि त्यांना हिंदुस्थानकडे पाठवण्यात आलं. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, आणि अमेरिकन मराठी मिशन तिथून सुरू झालं. हॉल मराठी शिकले, मराठीत लिहू लागले, आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेले. मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात पुढे देवनागरीचे सुबक खिळे ओतले गेले, आणि निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी लहानपणी तिथेच काम शिकले. त्या पाचांपैकी एडोनायरम जडसन यांचं मत समुद्रप्रवासातच बदललं. ते बाप्टिस्ट पंथाचे झाले आणि ब्रह्मदेशात गेले. त्यांच्या मुलाने, एडवर्ड जडसन यांनी, वडिलांच्या नावाने १८९० च्या सुमारास वॉशिंग्टन स्क्वेअरच्या दक्षिणेला हे चर्च उभारलं. बागेच्या उत्तरेला तेव्हा श्रीमंतांची घरं होती, दक्षिणेला दाटीवाटीने राहणारे नव्याने आलेले इटालियन. चर्च मुद्दाम त्या दोन वस्त्यांच्या सीमेवर बांधलं.

हे कळल्यापासून त्या जिन्यावर मला परकं वाटलेलं नाही. एका फांदीला आमच्या नगरची शाळा लागली, दुसरीला हे दालन.

*

नाच तिथे कसा आला, ही गोष्ट मला फार प्रिय आहे.

१९६० च्या शरदात रॉबर्ट डन नावाच्या संगीतकाराने नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या स्टुडिओत नृत्यरचनेचा एक वर्ग सुरू केला. संगीतकार जॉन केज यांच्याकडे ते संगीतरचना शिकले होते आणि तीच विचाराची पद्धत नाचाला लावून बघायची होती. पहिल्या वर्गाला पाचच जण. त्यांत इव्हॉन रेनर, स्टीव्ह पॅक्स्टन आणि सिमोन फोर्टी. पुढे ट्रिशा ब्राउन, डेव्हिड गॉर्डन, डेबोरा हे आणि इतर येत गेले. डन गृहपाठ देत. एकदा सांगितलं, तीन मिनिटांचा नाच करून आणा. बाकी कसलीही अट नाही. डिक लेव्हिन नावाच्या विद्यार्थ्याने काय केलं, तर रडायला शिकला. पूर्ण तीन मिनिटं तो वर्गासमोर रडला. ट्रिशा ब्राउन घड्याळ लावून उभ्या होत्या, आणि वेळ संपता संपता त्यांनी त्याच्यावर ओरडायचं की बस कर, पुरे झालं, हेही त्यानेच आधी ठरवून दिलेलं.

या वर्गात चांगलं-वाईट ठरवत नसत. कुणी काही करून दाखवलं की चर्चा व्हायची ती हे कसं केलंस याची. कुठून सुरुवात केलीस, कशावरून ठरवलंस, मध्ये काय बदललं. माझ्या कथकच्या शिक्षणात मला हा प्रश्न कुणी एकदाही विचारला नाही. तोडा बसला की नाही, एवढंच विचारलं जायचं.

१९६२ पर्यंत सगळ्यांकडे बरंच काम साठलं होतं, दाखवायला जागा नव्हती. नाइन्टी-सेकंड स्ट्रीट वाय ही संस्था तेव्हा तरुण नृत्यरचनाकारांना संधी देई. रेनर, पॅक्स्टन आणि रूथ इमर्सन तिथे चाचणी द्यायला गेले आणि तिघांनाही नकार मिळाला. मग ते जडसनमध्ये आले. तिथले मुख्य पाद्री हॉवर्ड मूडी, आणि कलांचं बघायला नुकतेच आलेले तरुण पाद्री अल कार्माइन्स. चर्चमध्ये नाटकं सुरू झालेलीच होती. कार्माइन्स यांचे दोन नियम होते: धार्मिक नाटक करायचं नाही, आणि एकदा हो म्हटल्यावर कशालाही कात्री लावायची नाही. चर्चमधल्या माणसाने असे नियम करावेत याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं. धर्माच्या जागेत बसून त्यांनी कलाकाराला सांगितलं की आमच्यासाठी काही करू नका, तुमचं करा.

६ जुलै १९६२, शुक्रवार. तीनशेच्या आसपास माणसं. प्रचंड उकाडा. चौदा जणांच्या तेवीस रचना, तीन तासांहून जास्त वेळ. सुरुवात एका फिल्मने झाली, आणि बसायला जाताना लोकांना त्या फिल्मच्या उजेडातूनच वाट काढावी लागली. रेनर यांनी त्या रात्री एक नाच केला, त्यात नाचता नाचता त्या बोलत होत्या: आयुष्यभर जिथे जिथे राहिल्या त्या रस्त्यांची नावं, शिकवलेल्या शिक्षिकांची नावं. एवढंच. नावं आणि हालचाली, दोन्ही आपापल्या वाटेने चाललेल्या.

हे वाचलं त्या रात्री स्टेशनावरून घरी येताना मी माझे पत्ते बोलून बघितले. झेंडीगेट. सावेडी, मागची खोली. कर्वेनगर, मुलींचं हॉस्टेल. एडिसन. जर्सी सिटी. पाय आपोआप त्या नावांच्या वजनावर पडू लागले. सावेडीला रेंगाळले, एडिसनला भरभर गेले. मला वाटतं, वीस वर्षांत पहिल्यांदा माझं शरीर काही रचत होतं.

या कार्यक्रमांना पुढे क्रमांक पडले. १९६४ पर्यंत असे सोळा झाले आणि जडसन डान्स थिएटर हे नाव नृत्याच्या इतिहासात गेलं. चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग, शिल्पकार रॉबर्ट मॉरिस हेही यात होते. न शिकलेल्या माणसाचं चालणं, उचलणं, धावणं हाही नाच असू शकतो, हे इथे करून बघितलं गेलं. पॅक्स्टन यांनी पुढे १९६७ मध्ये नुसत्या चालण्याचा एक नाच केला. बरीच माणसं एका बाजूने येतात, चालत दुसरीकडे जातात, कुणी मध्ये उभं राहतं, कुणी खुर्चीवर बसतं. १९७२ मध्ये त्यांनीच कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनची सुरुवात केली. आज पुण्या-मुंबईतली तरुण मुलं ते शिकतात, एकमेकांच्या पाठीवर वजन टाकून, त्यांच्यातल्या अनेकांना या चर्चचं नाव माहीत नसताना.

*

आता मला कथकबद्दल बोलायला हवं, कारण मी हे सगळं कथकच्या डोळ्यांनी बघते. दुसरे डोळे मला नाहीत.

आमच्याकडे सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे 'तयारी आहे'. हातात तयारी, पायात तयारी, मुलगी तयार झाली. शब्द सुंदर आहे. त्यात वर्षांची मेहनत आहे, पहाटेचा तत्कार आहे, घोट्याला घुंगरांच्या दोरीने पडलेले वळ आहेत. मी त्या शब्दाविरुद्ध नाही. पण त्याला एक सावली आहे. जे तयार नाही ते दिसता कामा नये.

मी सतरा वर्षांची असताना गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात एक चक्रदार करत होते, म्हणजे तीनदा घेऊन तालाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, उतरायची रचना. तिसऱ्या फेऱ्यात मोजणी हातातून निसटली. सम आली आणि माझा पाय हवेतच होता. दोन मात्रा उशिरा मी धा वर आपटले, तबलजींनी सावरून घेण्याचा प्रयत्न केला, आणि मी थांबले. नुसती उभी राहिले. लेहरा, साथीला फिरत राहणारी ती धून, एकटाच चालत राहिला, गोल गोल, माझी वाट बघत. पुढच्या रांगेत बाबा मान खाली घालून बसलेले मला दिसले. आत गेल्यावर आमच्या ताई सगळ्या मुलींसमोर म्हणाल्या, "तयारी नसताना रंगमंचावर पाय ठेवायचा नाही." त्यांनी हॉलचं भाडं स्वतःच्या खिशातून भरलं होतं, साथीदारांना पुण्याहून बोलावलं होतं. त्यांचंही काही चुकलं असं मी म्हणू शकत नाही. त्यांच्याकडे ती एकच संध्याकाळ होती, वर्षातली. तिच्यात कच्च्याला जागा कुठून आणणार?

मी त्यानंतर कार्यक्रमात नाचले नाही.

म्हणून रेनर यांचा 'ट्रायो ए' मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला नीट श्वास घेता येईना. हा नाच जडसनमध्येच जानेवारी १९६६ मध्ये पहिल्यांदा झाला. तेव्हा रेनर, पॅक्स्टन आणि गॉर्डन तिघं तो एकाच वेळी, पण एकमेकांशी न जुळवता करत होते, आणि वरून लाकडी पट्ट्या एकेक करून खाली टाकल्या जात होत्या. मी पाहिली ती १९७८ ची फिल्म. काळी-पांढरी, आवाज नाही, रेनर एकट्या. नाच साधारण पाच मिनिटांचा. त्यात एकही हालचाल दुसऱ्यांदा येत नाही. नाचणारी प्रेक्षकांच्या डोळ्यांत बघत नाही. तोंड आपल्याकडे वळायची वेळ आली की मान फिरते किंवा डोळे मिटतात. आणि जोर कुठेच वाढत नाही. एक हालचाल संपून दुसरी सुरू झाली हे कळायच्या आत तिसरी आलेली असते.

कथक ज्यावर उभं आहे ते एकेक करून यातून काढलेलं आहे. आम्ही प्रेक्षकांकडे बघून बोल म्हणतो, मग तेच बोल नाचून दाखवतो. त्यांना मोजायला लावतो, समेकडे घेऊन जातो. तिहाई म्हणजे एकच गोष्ट तीनदा सांगून तिसऱ्यांदा बरोबर जागेवर उतरणं. समेवर सगळं सभागृह एकदम मान हलवतं. त्या क्षणाइतका आनंद मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही, आणि त्या क्षणाइतकी भीतीही.

'ट्रायो ए'मध्ये सम नाही. कुठे पोहोचायचंच नाही, त्यामुळे उशीर होऊ शकत नाही. मी ती फिल्म तीनदा पाहिली. दुसऱ्यांदा बघताना माझं बोट आपोआप मांडीवर सोळा मात्रा मोजत होतं आणि दर आवर्तनाला रिकाम्या जागी पडत होतं. तिसऱ्यांदा मोजणं सुटलं. मग मला पहिल्यांदा दिसलं की त्या बाईंचे पाय किती शांतपणे जमिनीला लागतात.

याचा अर्थ हा नाच सोपा आहे असा नाही. तो शिकायला अतिशय अवघड आहे, कारण लक्षात ठेवायला लयीचा आधारच नाही. पण त्याचा अवघडपणा दाखवायचा नाही, हे रेनर यांनी ठरवलं होतं. देखावा नको, कौशल्याचं प्रदर्शन नको, प्रेक्षकाला भुलवणं नको, असं त्यांनी त्या सुमारास लिहूनही ठेवलं. यातलं सगळं मला पटत नाही. मला भुलायला आवडतं. एखादी कथक नर्तकी 'सरकती घूंघट की' गत घेते तेव्हा मी भुलतेच, आणि भुलावंसंही वाटतं. पण पंचाहत्तरी ओलांडल्यावर रेनर यांनी हाच नाच पुन्हा केला, आणि करता करता बोलत राहिल्या: हे आता जमत नाही, इथे पूर्वी पाय वर जायचा. त्या वयातलं शरीर त्यांनी लपवलं नाही. आमच्याकडे इतक्या थोर नर्तकी होऊन गेल्या. त्यांच्यापैकी कुणाला आपण असं करू दिलं असतं का, हा विचार मनातून जात नाही.

*

लहानपणी गल्लीत लंगडी किंवा लपाछपी खेळताना एखादं चिमुरडं मागे लागायचं. त्याला घ्यावं तर लागायचं, पण त्याच्यावर राज्य आलं तर बिचारं रडणार. मग कुणीतरी म्हणायचं, "तो कच्चा लिंबू." म्हणजे तो खेळणार, धावणार, लपणार, पण आऊट होणार नाही. आणि कच्चा लिंबू सगळ्यात मन लावून खेळायचा. त्याला जिंकायचं नसायचं. खेळात असणं त्याला पुरायचं.

सोमवारी जडसनमध्ये मोठी माणसं कच्चा लिंबू होऊन येतात. वीस वर्षं नाचलेली, पुरस्कार मिळालेली माणसंही. एकदा साठीच्या एका बाईंनी अर्धा तास एक लांब कापड घडी करायचा प्रयत्न केला. ते कापड त्यांच्यापेक्षा मोठं होतं, हात पुरत नव्हते, मग हनुवटीत धरायचं, गुडघ्यात धरायचं. माझ्या आजीची नऊवारी घडी करण्याची पद्धत जशीच्या तशी. ते काम मला आवडलं. दुसऱ्या एका संध्याकाळी एका मुलाने पाऊण तास काहीबाही केलं, ते मला अजिबात आवडलं नाही. पोकळ होतं, आणि स्वतःवर खूश होतं. हेही सांगायला हवं. तिथलं अर्धं तरी काम असं असतं की ते पुन्हा बघावंसं वाटत नाही. जागा चांगली आहे म्हणून तिच्यातलं सगळं चांगलं, असं नाही.

पण बघणाऱ्याला तिथे एक काम असतं. तयार नाचासमोर मी पाहुणी असते, पान वाढलेलं, मी जेवायचं. कच्च्या कामासमोर तसं बसता येत नाही. कुठे धागा आहे हे शोधावं लागतं, आणि ते करणारीच्या बरोबरीने, कारण तीही शोधतेच आहे. रविवारी रात्री झोप नीट झालेली असली पाहिजे, असा माझा अनुभव आहे. थकलेल्या डोळ्यांनी कच्चं बघू नये. अन्याय होतो.

आपल्याकडे हे नव्हतं असं नाही. माझी दादरची मावशी छबिलदासबद्दल बोलू लागली की तिचा आवाज बदलतो. १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं सुरू केली. सुलभा आणि अरविंद देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्याबरोबरचे कितीतरी. तीही परक्याच कामासाठी बांधलेली जागा. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. मावशी ऑफिसमधून थेट जायची, डबा घेऊन. "आवडायचं का गं सगळं?" मी विचारलं. "छे! कितीदा तर कळायचंही नाही," ती म्हणाली, "पण आपण नाही गेलो तर ते कुणासमोर करतील?"

नाटकाला असा प्रेक्षक महाराष्ट्रात मिळाला. पुण्याच्या शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच आजही आहे. नाचाला मात्र तो फार थोडा मिळाला. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राच्या एक्सपेरिमेंटल थिएटरसारखी एखादी जागा समकालीन नृत्य दाखवते, आणि दाखवते तेव्हा मनापासून दाखवते. पण नगर, सांगली, लातूर, अकोला इथे नाच शिकणाऱ्या हजारो मुली आहेत, आणि त्यांच्या वाट्याला येतो तो गुरुपौर्णिमेचा, भाड्याच्या सभागृहातला, पोशाखाचे पैसे भरून केलेला एकच कार्यक्रम. त्यात बसवलेलं सादर करायचं. स्वतः रचलेलं, अर्धवट, चुकू शकणारं काही दाखवायची जागा नाही. जागा म्हणजे काय लागतं? जडसनमध्ये बघून मला कळलं ते एवढंच की एक बरी लाकडी जमीन, सरकवता येणाऱ्या खुर्च्या, ठरलेला वार आणि हो म्हटल्यावर लुडबुड न करणारा मालक. नगरमध्ये शाळांची सभागृहं संध्याकाळी सहानंतर कुलूपबंद असतात. मी सुट्टीत गेले की त्यांच्या बंद खिडक्यांकडे बघत चालते.

*

त्या सोमवारी ती कोपऱ्यात जाऊन पुन्हा सुरू झाली. बाहेरून सायरन वाजवत एक गाडी गेली, काचांतला उजेड मावळत आला होता, निळा रंग आधी गेला आणि लाल मागे राहिला. ती सहाव्यांदा पडली. सातव्यांदा. हात आता बरोबर जात होता, पण मला वाटलं तिचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती काहीतरी वेगळंच ऐकत होती. दहा पडण्यांनंतर उठली आणि नुसती उभी राहिली, आणि काम तिथे संपलं, किंवा तिथवरच झालेलं होतं.

नंतर खुर्च्या आवरताना ती शेजारी आली. माझ्या हातात तीन खुर्च्या होत्या, तिने दोन घेतल्या. मी विचारलं, कोपर दुखतंय का. ती हसून म्हणाली, उद्या दुखेल. मग मी डन यांच्या वर्गातला प्रश्न विचारला, तिला ते माहीत असेल-नसेल: "हे कसं केलंत?" खुर्च्या भिंतीला टेकवून ती बराच वेळ बोलली. तिचे वडील शेवटच्या वर्षी वारंवार पडायचे. प्रत्येक वेळी उठवायला तीच असायची. उठवणं कसं ते तिच्या हातांना पाठ होतं, पण पडणं आतून कसं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणून रोज स्टुडिओत जाऊन पडत होती. अजून ते वडिलांचं पडणं झालेलं नाही, ती म्हणाली. अजून ते नर्तकीचंच पडणं आहे, फार छान आहे.

साधारण सव्वा वर्षाने तिचं पूर्ण झालेलं काम दुसऱ्या एका नाट्यगृहात लागलं. तिकीट काढून गेले, आईसाठी म्हणून कार्यक्रमपत्रिकाही घेतली. नीट प्रकाश होता, संगीत होतं, तिच्याबरोबर आणखी दोघं होती. मी त्या पडण्याची वाट बघत बसले. ते आलंच नाही. दहाच्या दहा पडणी तिने काढून टाकली होती. संपूर्ण नाचात कुणीही एकदासुद्धा जमिनीवर गेलं नाही.

अर्ध्याच्या पुढे एका जागी ती दोघं थांबली आणि ती एकटी मागच्या उजव्या कोपऱ्याकडे चालत निघाली. घाईत नाही, शरमून नाही. डावं कोपर उजव्या तळव्यात धरलेलं. माझ्या शेजारचे गृहस्थ पत्रिका चाळत होते. मी खुर्चीच्या कडेला आले होते.